पासवर्ड एकाच जागी राहू दे

फोंड्याच्या ज्या कॉलेजात मी लॅब सांभाळते, तिथली सगळी मशीन्स डेबियन या लिनक्सवर चालतात. यंदा मदतीला आलेल्या वाळपईच्या मुलाने आल्या आल्या विचारलं, "मॅडम, एलडॅप, कर्बेरॉस एवढा व्याप कशाला? रात्री क्रॉनने सर्व्हरवरची शॅडो फाइल सगळ्या मशीन्सवर पाठवू की." बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते. एलडॅप म्हणजे सगळ्या खात्यांची माहिती एका सर्व्हरवर ठेवायची सोय आणि कर्बेरॉस म्हणजे पासवर्ड एकाच जागी तपासणारी व्यवस्था. क्रॉन ठरल्या वेळी काम आपोआप करतो, आणि शॅडो फाइलीत मशीनवरच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड हॅशच्या, म्हणजे थेट उलगडता न येणाऱ्या सांकेतिक, रूपात असतात.

समज, चौदा नंबरच्या मशीनवर बसून एखाद्या मुलीने पासवर्ड बदलला. तो बदलला फक्त तिथे. रात्री क्रॉन धावला की जुनाच परत येऊन बसतो आणि सकाळी ती "लॉगिन होत नाही" म्हणत दारात उभी. शिवाय चवथीच्या सुट्टीत बंद असलेल्या मशीन्सना मधले बदल कळतच नाहीत. कॉलेज सोडून गेलेल्याचं खातं तिथे तसंच जिवंत राहतं.

पण मला खरी भीती वेगळीच वाटते. शॅडोची प्रत प्रत्येक डिस्कवर गेली, तर मागच्या रांगेतलं एक मशीन पेन ड्राइव्हवरून बूट करणाऱ्याच्या हाती सगळ्यांचे हॅश पडतात. मग अंदाज लावत बसायला त्याला वेळच वेळ. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये छापलेल्या अभ्यासात ३,२८९ पासवर्ड तपासले होते, त्यांतले ८६ टक्के एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडले. आमची मुलं काही निराळी नाहीत. पासवर्ड विसरलेला मुलगा "मंगेश१२३ तरी नाहीतर शांतादुर्गा१२३ तरी असेल" असं चारचौघांत मोठ्याने सांगून टाकतो. कर्बेरॉसच्या सर्व्हरला नको असलेल्या शब्दांची फाइल देता येते, पण त्याची तपासणी पूर्ण शब्दाशीच जुळवून पाहते. म्हणून देवस्थानं, गावं, फुटबॉल क्लब अशी नावं रोमन अक्षरांत, मागे १२३ लावलेल्या रूपांसकट, मी स्वतः त्या फाइलीत भरली आहेत. यादी वाढतेच आहे आणि तिच्यावर घालवलेला वेळ मला वाया गेल्यासारखा वाटत नाही.

कामाची वाटणी अशी. माणूस कोण, त्याचा यूआयडी (खात्याचा क्रमांक) किती, गट कोणता, हे एलडॅप सांगतं. ही माहिती त्यात कशी ठेवायची ते १९९८ च्या आरएफसी २३०७ या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेलं आहे. यूआयडी सगळीकडे एकच हवा, कारण सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून मशीन्सना देणारं साधं एनएफएस नाव बघत नाही, आकडा बघतं. एका मशीनवर १००७ डिचोलीची मुलगी आणि दुसऱ्यावर १००७ दुसराच कोणी असेल, तर तिच्या फायली त्याच्या होतात. पासवर्ड खरा की खोटा, हे मात्र कर्बेरॉस ठरवतं. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आलेल्या या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. लॉगिन झालं की ठरावीक मुदतीचं तिकीट मिळतं आणि पुढचं काम त्यावर चालतं.

आपल्याकडच्या पावसाने यातली एक नाजूक जागा मात्र मला नीट दाखवली. कर्बेरॉसला घड्याळांत एरवी ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. जुलैत वीज सारखी जाते, जुन्या मशीनमधलं घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, आणि मशीन सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग एलडॅप सर्व्हरची ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्रसुद्धा त्या मशीनला "अजून लागू न झालेलं" दिसतं. मुलाला वाटतं पासवर्ड चुकला, आणि तो बिचारा पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. वादळात बाहेरचं इंटरनेटही जातं, म्हणून क्रोनीला, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला, मी लॅबमधल्याच सर्व्हरकडून वेळ घ्यायला लावलं आहे. तो सर्व्हर यूपीएसवर आहे. मे महिन्यात सेल बदलणं हेही आता ठरलेलं काम.

रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं मात्र प्रत्येक मशीनवर स्थानिकच ठेवलं आहे, नाहीतर नेटवर्क पडलं की दुरुस्तीलाही आत शिरता येणार नाही.

पासवर्ड विसरलेल्याला मी तात्पुरता देते, आणि पहिल्या लॉगिनलाच तो बदलायला लागेल अशी खूण खात्यावर करते. नवा काय ठेवला ते मला माहीत नसतं आणि माहीत असायलाही नको. वाळपईच्या मुलाला पहिलं काम तेच शिकवलं. दुसरं, निकालानंतर सोडून गेलेल्यांची खाती एका जागी बंद करणं, ते त्याने परवा एकट्याने केलं.