आमची वाटचाल : आधी मोजा, मग मोजा

दुकानाच्या पाटीवर आम्ही ‘सूक्ष्म उपकरणे’ असं लिहिलंय. ‘बॉल पायथन नर आहे की मादी ते पाहून मिळेल’ हे पाटीवर शोभलं नसतं. (बॉल पायथन म्हणजे लोक घरी पाळतात तो छोटा अजगर.) पण पोट त्याच्यावरच भरतं. निम्मं प्रोबचे, म्हणजे सापाच्या शेपटीत सारून नर-मादी ओळखायच्या बारीक सळयांचे, सेट विकून, निम्मं ब्रीडरांची, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्यांची, पिल्लं तपासून दाखले देऊन. ‘सगळं एकदा लिहून काढा’ असा घरातून आग्रह होता, म्हणून लिहितोय. शिवाय आमची गोष्ट दुसरंच कुणीतरी आपल्या सोयीने सांगत फिरतंय, तेही एक कारण आहे.

मी मूळचा दंतवैद्यांची हत्यारं घासून देणारा. सापाशी माझं देणं-घेणं नव्हतं. एके दिवशी मास्तर दुकानात आले. शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हयात गेलेले गृहस्थ, घरी दोन बॉल पायथन. रुमालातून एक प्रोब काढला आणि म्हणाले, “टोकाला गोटी आहे, मग रक्त का येतं?” भिंगाखाली धरला. गोटी झकास होती, पण गोटी आणि दांडी जिथे जुळतात तिथे कुसळ उभं होतं. आत जाताना काही नाही, बाहेर येताना ओरबाडायचं. घासून दिलं, पैसे घेतले नाहीत. आठवड्याने मास्तर आणखी चार प्रोब घेऊन हजर. चारही प्रोबना तेच कुसळ. भागीदारी झाली ती अशी, कागदावर एक ओळ न लिहिता.

आमचा प्रोब एकसंध असतो, गोटी डकवलेली नसते. स्टेनलेस स्टीलची सळई लेथवर उतरवायची, टोक गोल करायचं, मान इतकी सावकाश निमुळती करायची की नख फिरवलं तर अडखळू नये, मग बफिंग. आणि मग परीक्षा. नायलॉनचा जुना पायमोजा वाटीवर ताणून बांधायचा आणि टोक त्यावरून पुढे, मागे, आडवं, गोल फिरवायचं. एक धागा जरी ओढला गेला तरी सळई परत चाकावर. मास्तरांचा त्यावर ठरलेला विनोद असे : “आधी मोजा, मग मोजा.” पहिला पायातला, दुसरा खवल्यांचा. हजार वेळा ऐकलाय.

सेटमध्ये सहा जाडीचे प्रोब असतात. नवशिका हटकून सगळ्यात बारीक उचलतो, त्याला वाटतं बारीक म्हणजे बिनधोक. नेमकं उलट आहे. बारीक टोक पडदा भोसकून पुढे जातं. जनावराला सहज जाईल त्यातला सगळ्यात जाड घ्यावा. हे आम्ही सेटच्या पाकिटावर छापतो, कुणी वाचत नाही.

प्रोब लावायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच, तरी मास्तरांचा हात कसा चालायचा ते सांगतो. मी साप धरायचो, ते शेपूट पोटाकडून वर वळवून द्वारावरचा, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलमूत्राच्या तोंडावरचा, मोठा खवला अलगद उचलायचे. पाण्यात विरघळणारी जेली लावलेला प्रोब मधोमध नाही, बाजूच्या कोपऱ्यात टेकवायचे आणि शेपटीच्या टोकाकडे बोटांत फिरवत सोडायचे. ढकलायचे नाहीत. थांबला की द्वाराच्या कडेशी नखाने खूण धरायची, प्रोब बाहेर काढून शेपटीवर ठेवायचा आणि खवले मोजायचे. नर असला तर टोक हेमिपेनिसच्या, म्हणजे शेपटीत दडलेल्या जननेंद्रियाच्या, पिशवीत जातं, सात ते दहा खवले. मादीला तिथे नुसता खळगा असतो, दोन ते चार खवल्यांवर काम संपतं. मग दुसरी बाजू. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर दाखला नाही.

भानगड अशी की घाबरलेला नर आतले स्नायू आवळून धरतो आणि प्रोब तिसऱ्या खवल्यावरच अडतो. घाईचा माणूस लगेच ‘मादी’ लिहून मोकळा होतो. मास्तर हात तसाच ठेवून थांबायचे. खोलीत कुणी बोलायचं नाही. मग कधीतरी स्नायू सैल पडे आणि प्रोब सुळकन आणखी पाच खवले आत. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी मला हा धंदा कळला.

पुढची पाच वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता ती दुपार. एका मोठ्या ब्रीडरची चाळीस पिल्लं तपासायची होती. पिल्लांचं काम बहुतेक पॉपिंगवर चालतं : शेपटीवर अंगठा ठेवून द्वाराकडे हळूच लाटायचा. नर असेल तर दोन लालसर कोंब बाहेर डोकावतात. मादी असेल तर कोंब नाहीत, दोन बाजूंना दोन बारीक तांबडे ठिपके, गंधग्रंथींची तोंडं. पण हे अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही दिवसांत करायचं काम आहे. ही पिल्लं सात आठवड्यांची होती, शेपटीत चांगला जोर आला होता. मास्तर डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेले. मी एकट्याने चाळीस पिल्लं एका दुपारी उरकली. जिथे कोंब आले तिथे नर लिहिलं, जिथे काही आलं नाही तिथे मादी. ठिपके पाहिले का? नाही पाहिले. संध्याकाळी लवकर मोकळा झालो म्हणून खूश होतो.

त्यातल्या अकरा ‘माद्या’ त्या ब्रीडरने स्वतःकडे ठेवल्या. मादी जोडीला लावायची तर तिचं वजन साधारण दीड किलोवर जावं लागतं, त्याला तीन वर्षं लागतात. तीन वर्षं त्याने अकरा जणींना उंदीर घातले. सात जणी वाढल्या, चौघी हजार ग्रॅमच्या आसपासच घुटमळल्या. प्रोब लावला तर चौघींना नऊ-नऊ खवले. चौघीही नर. तीन वर्षांचा खर्च आणि बुडालेली अंडी वेगळीच. तो माणूस दुकानात येऊन ओरडला नाही. चार दाखले काउंटरवर ठेवले आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरं लेथ विकून भरपाई केली. सहा महिने तपासणीचं एकही काम आलं नाही. मास्तर मला एका शब्दाने बोलले नाहीत. पट्टी घेऊन त्यांनी आमच्या वहीत ‘नर’ आणि ‘मादी’ यांच्यामध्ये तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं : ‘ठरत नाही’. तेव्हापासून मादी लिहायची तर मादीची खूण दिसली पाहिजे, नराची दिसली नाही एवढ्यावर भागत नाही. ज्याला हा रकाना पटत नाही त्याचं काम आम्ही घेत नाही. अशी गिऱ्हाइकं गेलीही.

कुठे गेली ते सांगतो. आमच्याच टेबलावर दोन वर्षं शिकलेला एक मुलगा होता. नाव घेत नाही. आमच्या त्या चार नरांची बातमी महिन्याभरात सगळ्या ब्रीडरांपर्यंत पोचवण्याचं श्रेय त्याचं. मग त्याने स्वतःचं दुकान काढलं : ‘शंभर टक्के खात्री, फोटो पाठवा, लगेच उत्तर’. फोटोवरून काय पाहणार? नखर. द्वाराच्या दोन बाजूंना असतात ना, मागच्या पायांची खूण म्हणून उरलेली, ती. नराची नखरं मोठी असतात असं सगळे ऐकून असतात. पण नखरं माद्यांनाही असतात, कधी चांगली लांब, आणि नरांची झिजून बोथट होतात. शेपटीच्या लांबीचंही तेच. सराईत माणूस अंदाज बांधू शकतो, नाही असं नाही. पण अंदाजाचा दाखला देत नाहीत.

एवढ्यावर तो थांबला नाही. आमच्या सेटची नक्कल काढली, तीही गोटी डकवलेली. एका पाळणाऱ्याच्या सापात ती गोटी निखळून आत राहिली, पशुवैद्यांनी काढली. आणि त्याचा हात जड. प्रोब थांबला तरी रेटायचा, मग मादीच्या खळग्याचं टोक फाटून प्रोब आठ खवले जातो आणि मादीचा ‘नर’ होतो. अशा तीन जनावरांवर मी स्वतः पुन्हा प्रोब लावलाय. त्याच्या चुकांचा मात्र कधी गवगवा झाला नाही. आमच्या चार नरांना अजून लोक विसरत नाहीत.

त्या पडत्या काळात एक काकू टिकल्या. त्यांच्याकडे एकच साप, त्याच चाळीस पिल्लांतला, आमच्या दाखल्याने मादी, नाव राणी. एकदा गोळ्यांची छोटी डबी घेऊन आल्या. आत कातेचा शेपटीकडचा तुकडा आणि त्याला चिकटलेले दोन फिकट, सुकलेले, तांदळाच्या कणीएवढे तुकडे. “ही कसली घाण, औषध देऊ का?” मास्तरांनी भिंग लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. स्पर्म प्लग, म्हणजे सुकलेल्या वीर्याचे खडे. वयात आलेला नर ते टाकतो, कातेबरोबर सापडतात. मी पैसे परत द्यायला लागलो तर काकू म्हणाल्या, “मला काय तिच्याकडून अंडी घालून घ्यायची होती?” नाव राणीच राहिलं. पुढे त्यांनी आमच्याकडे किती माणसं पाठवली ते वहीत आहे.

काकूंचं म्हणणं मला पटतं, म्हणून न विचारता सांगतो. एकच साप पाळायचा असेल तर केवळ उत्सुकतेपोटी प्रोब लावून घेऊ नका. मादी मोठी होते, पेटी थोडी मोठी लागते, एवढाच फरक. वाट पाहा, काती जपून ठेवा. पिल्लाची शेपूट घरच्या घरी लाटायला जाऊ नका, कणा दुखावतो. आणि विकणारा ‘मादी’ म्हणाला तर त्याला खवल्यांचा आकडा विचारा. आकडा सांगता आला नाही तर तो नखरं बघून बोलतोय.

आता कातेच्या तुकड्यावरून डीएनए तपासून लिंग सांगणाऱ्या प्रयोगशाळा निघाल्यात. आमचा धंदा बसणार, असं लोक हसत सांगतात. मास्तरांना मात्र यात भलताच रस. जन्मभर त्यांनी मुलांना शिकवलं की सापांत वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, झेड आणि डब्ल्यू. 2017 साली संशोधकांनी दाखवलं की बोआ आणि अजगरांत तसं नाही, तिथे माणसासारखं एक्स-वाय आहे, वेगळी जोडी नराकडे. मास्तर दोन दिवस अस्वस्थ होते, मग एकदम म्हणाले, “अरे, बनाना!” बनाना हा बॉल पायथनचा एक मॉर्फ, म्हणजे निवडून जोपासलेला रंगप्रकार. त्याचं कोडं ब्रीडरांना ठाऊक होतंच : काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नर निघतात, काहींची जवळजवळ सगळी माद्या. बापाला तो जनुक वायवर मिळालाय की एक्सवर, एवढाच प्रश्न. वर्षानुवर्षं उत्तर पिंजऱ्यात पडलेलं होतं.

‘ठरत नाही’ रकान्यातल्या काती आता आम्हीच प्रयोगशाळेत पाठवतो. दोन साप एका पेटीत ठेवून एकाची कात दुसऱ्याच्या नावाने पाठवणारे लोक आहेत, तेव्हा आमचं काम एवढ्यात संपत नाही.

मास्तर रोज येतात. खवले मोजत नाहीत, नजर अधू झाली. मोज्यावरून टोक मात्र तेच फिरवतात, डोळे मिटून.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नावाने पूर्ण सेटची मागणी आली. पत्ता वाचला आणि ओळखला, आमच्याकडे शिकलेल्या त्या मुलाच्याच दुकानाचा. मास्तरांना दाखवला. “पाठव,” म्हणाले. सहाही प्रोब मी स्वतः दोनदा मोज्यावरून फिरवले आणि पाठवले. पैसे आगाऊ घेतले.