वाहतूक बेटावरच्या बैलगाडीला पाऊस मारत नाही, हिरवळ मारते

घाटावरून जुनी बैलगाडी आणायची, सिग्नलजवळच्या बेटावर चढवायची, फायबरचे दोन बैल जुंपायचे, भोवती हिरवळ लावायची आणि बळीराजाला मुजरा करणारा फलक ठोकायचा. मुंबईत शेतीची आठवण जागवायची ही ठरलेली रीत. उद्घाटनाला गाडी झकास दिसते. काही पावसाळ्यांनी चाक खचतं आणि खापर पावसावर फुटतं.

पाऊस काही थोडाथोडका नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी 2,300 मिलिमीटरच्या आसपास. पण पुढचे आठ महिने लाकूड खडखडीत सुकलं, तर बाभूळ बरंच सोसते. बेटावर ते सुकतच नाही, कारण हिरवळीला रोज पाणी. माळ्याचा पाइप नाहीतर कारंजं, चाकाचा खालचा भाग बारमाही ओला. त्यामुळे कूज खालून वर चढते. आधी जमिनीलगतच्या पुठ्ठ्यांचा, म्हणजे चाकाच्या घेराच्या वाकड्या लाकडी तुकड्यांचा सांधा, मग त्यात बसलेलं आऱ्याचं, म्हणजे चाकातल्या आडव्या-उभ्या काठीचं टोक. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकातून. वरचा रंग शाबूत दिसतो आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो.

म्हणून खर्च करायचा तो चौथऱ्यावर. गाडीखाली आणि भोवती निदान तीन फूट माती नको, गवत नको. फरशी किंवा जांभा, त्याला मीटरमागे 20 मिलिमीटर उतार. गाडीचं वजन चाकांवर ठेवूच नये. आसाखाली दोन्ही बाजूंना जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी स्टँड घ्यावेत आणि चाक फरशीपासून अर्धा इंच अधांतरी ठेवावं. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतही नाही. पुढे जू जमिनीवर टेकवायचं नाही. त्यालाही वेगळा टेकू.

दुसरं दुखणं धावेचं. चाकाचा तुंबा (मधला लाकडी गाभा), आरे आणि पुठ्ठे यांना आवळून धरते ती ही लोखंडी पट्टी. पाच फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फूट भरतो. धाव त्याहून इंचभर तोकडी करतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की ती घेरात दीड इंचाच्या आसपास वाढते, चाकावर बसते आणि पाणी ओतताच आकसून सगळे सांधे घट्ट करते. पुढे लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. असं दरवर्षी झालं की धाव सैल होते. अशा वेळी धावेतून स्क्रू मारणं हा सर्वांत वाईट इलाज. त्या भोकातून पाणी थेट पुठ्ठ्यात जातं. धाव काढून, कापून, पुन्हा तापवून चढवणारा लोहार मिळाला तर उत्तम. नाहीतर मे महिन्यात धाव आणि पुठ्ठा यांच्यामध्ये सागाच्या पातळ पाचरी ठोकाव्यात.

ऑइल पेंटचा चकचकीत थर टाळावा. तो तडकतो, फटीतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. एप्रिल-मे मध्ये जुना रंग खरवडून, वाळवीचं औषध मारून, लाकूड पूर्ण सुकू द्यावं. मग जवसाचं तेल: पहिला हात टर्पेंटाइन निम्मं घालून, पुढचे दोन निव्वळ तेलाचे, मध्ये दोन-तीन दिवस वाळायला. आऱ्यांच्या आणि दांड्यांच्या टोकांना तेल मुरेपर्यंत पाजावं, वर उरलेलं पुसून घ्यावं. राहिलं तर चिकट होऊन त्यावर काळी बुरशी येते. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेकावेत.

फायबरचे बैल वरून टिकाऊ, आतून पोकळ. आतला लोखंडी सांगाडा गंजला की फुगतो आणि पाय उभे चिरतात. पोटाखाली आणि प्रत्येक खुराशी 12 मिलिमीटरचं भोक हवंच. नाहीतर आत पाणी साचून डासांची पैदास होते आणि मग पालिकेची नोटीस. जू वशिंडाच्या पुढे, मानेवर बसतं. कित्येक ठिकाणी ते वशिंडावर चढवलेलं दिसतं. गाडी हाकलेला माणूस ते पाहून हसतो.

बैलांचे साचे बहुतेक खिल्लार जातीचे, कारण लांब शिंगं फोटोत छान येतात. पण भाताची, चिखलाची, मुसळधार पावसाची शेती दाखवायची, तर बैल डांगी हवा: आखूड जाड शिंगं, काळेपांढरे ठिपके, इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या पावसात टिकणारी जात. साष्टीत, म्हणजे आज मुंबईची उपनगरं आहेत त्या बेटावर, पिकायचा तोही भातच, आणि खाडीकाठी मिठागरं. त्या शेतीला घाटावरचा खिल्लार शोभत नाही.

शेवटचं काम वेल्डरचं. आसाच्या टोकाची खीळ आणि बैलांच्या घुंगरांची कडी जागच्या जागी टिपका मारून पक्की करून घ्यावी. भंगारात विकायला आधी तीच चोरीला जातात, आणि खीळ गेली की चाक निसटायला फार वेळ लागत नाही.