घोंगडीची चार टोकं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या तरुण संघात एकच विषय, शिबिर कधी. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं), मिशनचं जुनं कंपाउंड, दगडी शाळा, भोवती कडुनिंब, आणि गुरुवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत आसपासच्या आठदहा खेड्यांतली पोरंपोरी तिथं मुक्कामाला. मुली वर्गातली बाकं भिंतीला लावून खाली झोपायच्या, मुलं चर्चच्या व्हरांड्यात. आणायचं काय, तर ताट, वाटी, तांब्या, पांघरूण, बायबल, उपासनेचं पुस्तक आणि दोन शेर बाजरी. ती बाजरी गिरणीत एकत्रच दळायची, मग कुणाच्या घरची बाजरी कुणाच्या ताटात आली याचा पत्ताच नाही.

मी पहिल्यांदा गेले १९९१ ला, आठवीत होते. तिथंच त्या चौघी भेटल्या. नावं लिहीत नाही, पण वाचतील तेव्हा त्यांना कळेलच. आमच्या शाळेच्या वर्गात मी एकटीच ख्रिस्ती. मैत्रिणी होत्या, जीव लावणाऱ्या होत्या, नाताळात माझ्याकडे करंज्या खायला यायच्या, तरी माझ्या आतलं एक खातं त्यांच्यापुढे कधी उघडलंच नव्हतं. शिबिरात दुसऱ्याच दिवशी ते उघडलं, कारण रात्री झोपायच्या आधी पाचपाच जणींचे गट करून साखळी प्रार्थना असायची. गोल बसायचं, हात धरायचे, एकीची प्रार्थना झाली की तिनं शेजारणीचा हात दाबायचा, मग तिची पाळी. कुणी परीक्षेसाठी मागायची, कुणी दारू पिणाऱ्या भावासाठी, आणि एक जण तर नुसतीच रडली आणि आमेन म्हणाली. ज्या माणसाला आपण असं प्रार्थना करताना ऐकलंय ना, त्याच्याशी परत वरवरचं बोलताच येत नाही. माझ्यापुरतं तरी हे खरं ठरलं, तीस वर्षं उलटून गेली तरी त्या चौघींशी फोनवर नुसतं जेवलीस का एवढंच बोलून ठेवता येत नाही.

गुरुवारी रात्री कीर्तन. ख्रिस्ती कीर्तन आमच्या भागात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं, टाळ, पेटी, तबला, सगळं तसंच, फक्त आख्यान प्रभू येशूचं नाहीतर एखाद्या भक्ताचं. आमच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, आवडतं आख्यान म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, मग किती वर्षांनी त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, इथपर्यंत आले की स्वतः पाळकसाहेबांचा आवाज भरून यायचा. आणि शेवट दरवर्षी १९१७ च्या ‘देवाच्या दरबारा’वर, म्हणजे टिळकांनी काढलेल्या भक्तांच्या मेळ्यावर. त्यांनी त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र घ्यायचं ठरवलं होतं. पाळकसाहेब म्हणायचे, बघा पोरांनो, एवढा मोठा कवी, आणि शेवटी त्याला काय हवं होतं, तर संगतीला माणसं. तेव्हा ते नुसतं ऐकलं, आता कळतं ते काय सांगत होते.

शनिवारी सकाळी बायबल अभ्यास. बाकी बरंच विसरले, पण योनाथान आणि दाविदाचा एक धडा पक्का लक्षात राहिलाय. त्यांची मैत्री सगळ्यांना माहिती असते, झगा काढून दिला, धनुष्य दिलं, पण त्या दिवशी आम्ही पहिले शमुवेल २३ वाचलं. योनाथानाचा बाप, राजा शौल, दाविदाच्या जिवावर उठलाय, दावीद जीफच्या रानात लपलाय, आणि योनाथान तिथं उठून जातो. सोबत फौज नेली नाही, धान्य नेलं असंही लिहिलेलं नाही. गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला, एवढंच. ज्या गादीवर योनाथान बसायचा होता ती दाविदाला मिळणार हे माहीत असूनसुद्धा. पाळकसाहेबांनी विचारलं, तुमच्यासाठी रानात कोण येईल? कुणीच बोललं नाही. मी मात्र मनात चार नावं घेतली.

संध्याकाळी नाटुकलं. आमच्या गटाला एकदा पक्षघाती माणसाची गोष्ट आली, मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली. कफर्णहूम, घरात गर्दी, दारातून आत जायला जागा नाही म्हणून चौघं जण छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि आजाऱ्याला खाटेसकट येशूपुढे खाली सोडतात. शहरातल्या लोकांना ही गोष्ट अवघड वाटत असेल, आम्हाला नाही, आमच्याकडे धाब्याचीच घरं, वासे, वर काटक्या, वर पांढरी माती, पावसाळ्याआधी दरवर्षी माती टाकायला आम्ही वर चढायचोच. ते छप्पर उकरलं तर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती माती पडली असेल हे आम्हाला कुणी समजवायला नको. नाटुकल्यात आजारी मी झाले होते, त्या चौघींनी घोंगडीची चार टोकं धरून मला शाळेच्या ओट्यावरून खाली उतरवलं, आणि मी डोळे मिटून पडले होते तरी कुठल्या टोकाला कोण आहे हे मला ओढीवरून कळत होतं. नंतर बायबलबाईंनी, म्हणजे बायबल शिकवणाऱ्या बाईंनी, एक गोष्ट दाखवली जी मी तोवर वाचूनही वाचली नव्हती. येशूनं आजाऱ्याचा विश्वास पाहिला असं तिथं नाहीये, ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं आहे. आणि त्या चौघांची नावंसुद्धा शास्त्रात नाहीत.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये आमचे दादा गेले, म्हणजे माझे वडील. एका आठवड्यात सगळं आटोपलं. त्यानंतर मी चर्चला जायची आईसाठी, पण तोंड उघडायची नाही, प्रार्थना तर नाहीच. देवावर राग होता, सरळ सांगते. शिबिराला येणार नाही असं पत्र टाकलं तर बुधवारी त्या चौघी एसटीनं आमच्या दारात. समजूत कुणीच घातली नाही. एकीनं माझी पिशवी भरली, एकीनं आईला स्वयंपाकात मदत केली, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघाले.

त्या शिबिरात गाणी चालू असताना मी गप्प उभी, शेजारची माझ्यापुढे पुस्तक उघडून धरायची, ओळीवर बोट ठेवून, मी म्हणत नाही हे माहीत असून. रात्री साखळी प्रार्थनेत माझा हात दाबला गेला, पाळी माझी, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. बराच वेळ गेला. मग माझ्या पलीकडची आपणहून म्हणाली, प्रभू, हिच्या वाट्याचं आज मी बोलते. आणि बोलली. दादांचं नाव घेऊन बोलली, माझ्या रागाबद्दलही बोलली, काही लपवलं नाही. तिसऱ्या रात्रीपर्यंत माझी प्रार्थना आळीपाळीनं त्याच चौघी करत होत्या.

रविवारी हंगामाचा सण. वेदीपुढे बाजरीची पोती, कांदे, शेंगा, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि उपासना संपली की बाहेर लिलाव. दादा दरवर्षी आमच्या परड्यातला लाल भोपळा आणायचे, सगळ्यात मोठा. त्या वर्षी आम्ही काही नेलंच नव्हतं. आई शेजारच्या बायकांबरोबर सकाळच्या गाडीनं आली होती, बाजूला बसली होती. लिलाव चालू झाला आणि पुकारणाऱ्यानं एक भोपळा वर उचलला, दादांचं नाव घेतलं, आणि म्हणाला, त्यांच्या नावानं. चौघींनी वर्गणी काढून बाजारातून आणला होता, आम्हाला पत्ता नाही. बोली लागली, ज्यानं घेतला त्यानं पैसे दिले आणि भोपळा परत ठेवला, पुन्हा लिलाव. मग दुसऱ्यानं घेतला, त्यानंही परत ठेवला. असं पाच वेळा झालं. आई पदर तोंडाला लावून बघत होती. शेवटी पाळकसाहेबांनी घेतला आणि आणून आईच्या मांडीवर ठेवला.

तो भोपळा घेऊन आम्ही एसटीनं घरी आलो, चौघीही आल्या. आईनं दादा गेल्यापासून गोडधोड केलं नव्हतं, त्या संध्याकाळी तिनं गूळ काढला आणि घारगे तळले. ताटं वाढून झाली, आई म्हणाली आता कोण प्रार्थना करतंय, तर चौघीही माझ्याकडे बघत होत्या. मी केली. लहानच होती, जेवणाबद्दल आभार आणि दादांचं नाव, बस. घारगे तोवर थोडे गार झाले होते.