तर्री वेगळ्या वाटीत

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडून अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं नाश्ता सेंटर आहे. सहा टेबलं, एक कढई, दोन शेगड्या. सकाळी नऊ ते साडेनऊ या अर्ध्या तासात आमचा निम्मा गल्ला जमतो, कारण पहिल्या पाळीची नाश्त्याची सुट्टी तेव्हा होते. गेटातून निघून, खाऊन, परत गेटात शिरायला माणसाकडे वीस मिनिटं असतात. हे आधीच सांगून ठेवते. पुढे माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा ही वीस मिनिटं विसरल्यामुळे झाल्या.

सगळं सुरू झालं ते एका काकांमुळे. प्रेस शॉपमध्ये फिटर. दहा-बारा वर्षांचं रोजचं गिऱ्हाईक: मिसळ, जादा तर्री, वर एक वडा. २०२२ च्या पावसाळ्यात दोन महिने दिसले नाहीत. आले ते दोन स्टेंट घालून. मित्रांसोबत बसले, सगळ्यांच्या मिसळी आल्या आणि यांनी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला. जाताना गल्ल्यापाशी थांबून म्हणाले, "वहिनी, आता आमच्यासारख्याला तुमच्याकडे काहीच नाही का हो?"

"पोहे आहेत ना," मी म्हणाले. दोघांनीही पोह्यांच्या कढईकडे बघितलं. कडेला तेल सुटलं होतं. ते हसले आणि गेले.

त्या रात्री मी जे ठरवलं ते अगदी चुकीचं ठरवलं. एक एअर फ्रायर घेतला, एक पाटी रंगवून आणली: "आमच्याकडे डाएट नाश्ता मिळेल." त्यात ओट्सचा चिवडा, सॅलड आणि एअर फ्रायरचा समोसा. समोसा एका वेळी सहा व्हायचे, त्याला पंधरा मिनिटं लागायची. म्हणजे ज्याच्याकडे वीस मिनिटं आहेत त्याने पंधरा मिनिटं यंत्राकडे बघत बसायचं. वडा तर त्यात होतच नाही, डाळीच्या पिठाचं ओलं आवरण जाळीतून खाली गळतं. पहिल्याच दिवशी गळलं आणि जाळी घासण्यात माझी दुपार गेली. सॅलड चौथ्या दिवशी म्हशीला घातलं. एका पोराने पाटी वाचून मित्राला विचारलं, "काय रे, तुला बीपी झालं का?" सगळं टेबल हसलं, आणि त्यानंतर त्या पाटीखालचं काही मागायची कुणाची हिंमत झाली नाही. आठव्या दिवशी मी पाटी उतरवली. तिची मागची बाजू आता कोळशाच्या पोत्यांवर झाकण म्हणून उपयोगी पडते.

मग हे म्हणाले, "वेगळं काही करण्यापेक्षा जे रोज शे-दीडशे लोक खातात तेच बघ ना जरा." आमचे हे बोलतात कमी. बोलले की मला राग येतो, आणि दोन दिवसांनी पटतं.

तर आधी तेल. अन्नसुरक्षेच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला मी गेले होते, तेही नोंदणीचं काम होतंच म्हणून. छोट्या धंद्याची नोंदणी तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत व्हायची. तिथे पहिल्यांदा कळलं की तळणीच्या तेलाला कायद्याने मर्यादा आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय घटक, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, वाढत जातात, आणि ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खायला वापरायचं नाही. जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. मोजायचं यंत्र मिळतं, पण आमच्यासारख्याला परवडणारं नाही. तरी डोळ्याला दिसणाऱ्या खुणा शिकवल्या: तेल गडद होतं, बोटाला चिकट लागतं, वडा सोडला की फेस येऊन तो बसत नाही, आणि पूर्वीपेक्षा लवकर धूर सुटतो. मी घरी येऊन आमच्या कढईत डोकावले. चारही खुणा होत्या. आम्ही वर्षानुवर्षं कालच्या तेलात आजचं ओतत आलो होतो. डबा संपायचा, कढई कधीच रिकामी व्हायची नाही.

आता रोज दुपारी तेल निवलं की गाळतो. पिठाचे बुंदके तळाशी राहिले की तेल लवकर खराब होतं, म्हणून तळतानाही झाऱ्याने ते काढत राहायचं. मीठ कढईवर भुरभुरायचं नाही. मिरच्या तळून झाल्यावर परातीत मीठ लावायचं. थर्मामीटर घेतला, आणि एवढ्या वर्षांच्या माझ्या अंदाजाची लाज वाटली. गर्दीत एकदम वीस वडे सोडले की तेल १४० अंशांवर यायचं. थंडावलेल्या तेलात वडा जास्त वेळ पडून राहतो आणि तेल पितो. आता एका घाण्याला दहा, आणि तेल १७० ते १८० अंशांत. पिठातला सोडा जवळजवळ बंद केला, कारण सोड्याने आवरण जाळीदार होतं आणि त्या जाळीत तेल बसतं. कुरकुरीतपणासाठी थोडं तांदळाचं पीठ घालते. वडा लहान करून बघितला, ते मात्र उलटं पडलं: लहान वड्यात बटाटा कमी, आवरण जास्त, म्हणजे घासामागे तेल जास्तच. परत मोठा केला.

हे सगळं केल्यावर मी कढई तेलासकट काट्यावर ठेवून आधी आणि नंतर वजन केलं. पूर्वी शंभर वड्यांमागे साधारण बाराशे ग्रॅम तेल जायचं, आता साडेआठशेच्या आसपास जातं. एका वड्यामागे साडेतीन ग्रॅम वाचलं. ऐकायला काही नाही, पण हे तेल रोज वडा खाणाऱ्याच्या पोटात जात होतं, आणि त्याने काहीच बदललं नव्हतं. त्याला कळलंही नाही. हे मला पाटीपेक्षा फार आवडलं.

मिसळीला हात लावायला घाबरत होते. नाशकात माणूस तर्री बघून मिसळीची पारख करतो. पाच लिटर रश्श्याला आम्ही पाऊण लिटर तेल घालायचो. पहिल्यांदा ते निम्म्यावर आणलं तर रस्सा तपकिरी झाला आणि एकाने विचारलं, "आज आमटी आहे का?" मग डोकं लावलं. मिरचीचा रंग तेलातच उतरतो, पाण्यात नाही. म्हणून थोड्याच तेलात बेडगी मिरचीची पूड जास्त घालून ती मंद आचेवर फुलू दिली. बेडगीला रंग भरपूर, तिखटपणा कमी, त्यामुळे हात सैल सोडता येतो. दाटपणासाठी उकडलेली मूठभर मटकी वाटून रश्श्यात घातली. कांदा-खोबरं आणि काळा मसाला तसाच ठेवला, त्याला हात लावायचा नाही असा सासूबाईंचा दम होता. मटकी दीडपट केली आणि फरसाण निम्मं, कारण मीठ आणि तेल दोन्ही सगळ्यात जास्त फरसाणातून येतं.

आणि तर्री वेगळ्या वाटीत. मागेल त्याला, तेवढ्याच पैशांत, हवी तेवढी. आधी ती न विचारता पळीने वरून ओतली जायची. पहिल्या आठवड्यात मी मोजलं: नव्वद प्लेटांमागे वाट्या गेल्या चाळीसच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक इतकी वर्षं तर्री खात होते ती आम्ही ओतत होतो म्हणून.

पावाची गोष्ट वेगळीच. गव्हाचे पाव देतो असं सांगणारा एक बेकरीवाला भेटला. छान तपकिरी पाव. महिनाभर मी लोकांना कौतुकाने सांगत होते. एकदा पाव चहात बुडवला तर आत पांढराशुभ्र, वरून रंग. करपवलेल्या साखरेचा रंग घातला की मैद्याचा पाव गव्हाचा दिसतो, हे तेव्हा समजलं. दुसऱ्या एका बेकरीवाल्या भाऊंनी निदान खरं सांगितलं: "ताई, नुसत्या कणकेचा लादी पाव फुगत नाही. कोंडा पिठाची ताण तोडतो. निम्मं-निम्मं करून देतो, मात्र दोन दिवस आधी सांगा." आता फळ्यावर "अर्ध्या गव्हाचा पाव" असंच लिहिलंय. लोक विचारतात, अर्धा पाव का? समजावून सांगते.

माझा सगळ्यात जास्त जीव अडकला तो नागलीत. पुण्या-मुंबईकडे नाचणी म्हणतात तीच. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात ती पिकते आणि आपल्याकडे पापडापलीकडे ती फारशी दिसत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, त्यामुळे तेव्हा जो तो नागलीवर बोलत होता. मी मात्र आप्प्यांसाठी धरली. भांडी बाजारातून बिडाची दोन आप्पेपात्रं आणली. एका खळग्याला तेलाचे चार थेंब पुरतात.

पहिले आप्पे म्हणजे गोट्या. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नाही, पीठ नुसतं कालवून काही होत नाही. गिरणीवाल्याची कटकट वेगळीच: "तुमच्या नागलीनंतर कुणाचं गव्हाचं पीठ दळलं तर ते काळं येतं." म्हणून तो मला रात्री आठनंतर, सगळ्यांत शेवटी बोलवायचा. शेवटी पीठ सोडलं आणि अख्खी नागलीच रात्रभर भिजवून वाटायला लागले. तीन वाट्या नागलीला एक वाटी उडीद, मूठभर पोहे. जमलं. मग डिसेंबर आला. नाशिकच्या थंडीत पीठ आंबेना. दोन दिवस सकाळी सहाला पातेलं उघडून बघावं तर पीठ जसंच्या तसं. आता थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळून चहाच्या विझवलेल्या शेगडीशेजारी ठेवते. घरी कुणी पाहुणे आले की आधी विचारतात, हे काय झोपवलंय.

आप्पे कोण खातं? कामगार नाही खात, खरं सांगते. नऊ वाजता त्यांना भरपेट लागतं, पाच आप्प्यांनी त्यांचं काय होणार! आप्पे नेतात त्या सकाळी पोरांना शाळेच्या बसवर सोडायला आलेल्या बाया, डब्यात. हे गिऱ्हाईक आमच्याकडे आधी नव्हतंच. साडेसात ते आठ ही आमची मेलेली वेळ होती, ती जिवंत झाली. "शुगरवाल्यांना चालतात का?" असं रोज कुणीतरी विचारतं. हो म्हटलं तर दुप्पट खपतील. मी म्हणत नाही. नागलीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, एवढं सांगते. पण शेवटी पीठ ते पीठच. आत काय घातलंय ते फळ्यावर लिहिलेलं असतं, पुढचं ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावं.

थंड पेयांच्या फ्रिजवरून मात्र भांडण झालं. कंपनीने फ्रिज फुकट दिला होता, अट अशी की त्यात त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या. मी खालच्या कप्प्यात ताकाची बरणी ठेवली. त्यांचा माणूस आला, फोटो काढला आणि पुढच्या आठवड्यात नोटीस देतो म्हणाला. यांना बाटल्यांचा पक्का नफा सोडवेना. त्यांचं चुकत नव्हतं: बाटली खराब होत नाही, ताक दुपारी तीनला आंबट होतं. चार महिने आम्ही घासाघीस केली, एकमेकांशी. शेवटी जुना फ्रिज विकत घेतला. मे महिन्यात ताक बाटल्यांहून जास्त खपलं, जुलैमध्ये निम्मं ओतून द्यावं लागलं. आता पावसाळ्यात ताक लावतच नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घडातून सुटलेले द्राक्षांचे मणी बाजारात स्वस्त मिळतात. ते धुऊन दहा रुपयांना द्रोणभर देते. ट्यूशनची पोरं नेतात. वर्तमानपत्राचे तुकडे बंद केले, छपाईच्या शाईमुळे त्यात अन्न बांधायला बंदीच आहे. वडा आता द्रोणात किंवा कोऱ्या कागदात.

शेव अजून बाहेरचीच आहे. ती कुठल्या तेलात तळतात मला माहीत नाही, आणि हे मला रात्री टोचतं. गेल्या महिन्यापासून सोमवारी दुपारी आम्ही दोघं मिळून स्वतः पाडायला लागलोय. चार किलो पडते, लागते अकरा. सोऱ्या दाबून यांचा खांदा दुखतो.

ते काका आठवड्यातून तीनदा येतात. अर्धी मिसळ, तर्री नको, फरसाण नको, मटकी जादा, एक पाव. परवा गल्ल्यावरून बघितलं तर शेजाऱ्याच्या वाटीत पावाचा तुकडा बुडवत होते. माझी नजर गेली तसे म्हणाले, "वहिनी, वाटी त्याची आहे, माझी नाही."