वापिटी खोऱ्यातला मुक्काम ठरवताना

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील कोडी गावाहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व प्रवेशद्वाराकडे जाणारा सुमारे ८४ किलोमीटरचा रस्ता बराच काळ शोशोनी नदीच्या उत्तर फाट्याला धरून चालतो. याच वाटेवरच्या वापिटी खोऱ्यात जुने गेस्ट रँच, म्हणजे पाहुण्यांना ठेवून घेणारे गुराघोड्यांचे मळे, आणि लॉज एकामागून एक लागतात. घरातल्या तीन पिढ्यांच्या सहलीसाठी तिथला मुक्काम ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझ्या लक्षात आले की कुठली जागा चांगली हा प्रश्न फार नंतरचा आहे. आपल्याला खोऱ्यात राहायचे आहे की खोऱ्यातून रोज यलोस्टोनला जायचे आहे, हे आधी ठरवावे लागते, कारण रँच आणि लॉज हे एकाच वस्तूचे महाग आणि स्वस्त प्रकार नव्हेत.

लॉजचा व्यवहार आपल्या ओळखीचा असतो. लाकडी केबिन किंवा खोली घ्यावी, एक-दोन रात्री राहावे, जेवणाचे आणि घोडेस्वारीचे पैसे स्वतंत्र द्यावेत आणि सकाळी आपल्या वाटेला लागावे. रँचवर मात्र बहुधा आठवड्याचा हिशेब असतो. येण्याचा आणि जाण्याचा वार ठरलेला असतो, तिन्ही वेळचे जेवण, रोजची घोडेस्वारी आणि मुलांचे कार्यक्रम एकाच रकमेत धरलेले असतात आणि घंटा झाली की सगळे पाहुणे एकत्र जेवायला बसतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. गुरे पाळणाऱ्या रँचवर पूर्वेकडच्या शहरांतले पाहुणे महिनोन्महिने येऊन राहू लागले, तेव्हा मालकांनी त्यांच्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू काही ठिकाणी गुरांपेक्षा पाहुण्यांचेच उत्पन्न अधिक भरवशाचे ठरले. या मालकांची ‘ड्यूड रँचर्स असोसिएशन’ ही संघटना १९२६ साली स्थापन झाली.

आता अंतरांचा हिशेब मांडतो, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो. पूर्व प्रवेशद्वारापासून उद्यानातले फिशिंग ब्रिज हे ठिकाण ४३ किलोमीटर आणि तिथून वेस्ट थंबमार्गे ओल्ड फेथफुल हा गायझर, म्हणजे गरम पाण्याचे नैसर्गिक कारंजे, आणखी सुमारे ६१ किलोमीटर आहे. म्हणजे दारापासून एका बाजूचे अंतर शंभराच्या वर जाते. आपला मुक्काम खोऱ्याच्या मध्यावर असेल तर त्यात आणखी चाळीसेक किलोमीटर मिळवावे लागतात. उद्यानात वेगमर्यादा साधारणपणे ताशी ७२ किलोमीटर आहे. शिवाय २,६०० मीटर उंचीची सिल्व्हन खिंड ओलांडायची असते, आणि बायसनांचा, म्हणजे अमेरिकी गव्यांचा, कळप रस्त्यात उभा राहिला की ते हलेपर्यंत मोटारींची रांगही हलत नाही. सकाळी सहाला निघालेला माणूस अंधार पडताना परततो. ज्याने आठवड्याभराच्या घोडेस्वारीचे पैसे भरले आहेत, त्याने असे तीन दिवस गाडीत घालवणे मला शुद्ध उधळपट्टी वाटते. यलोस्टोन नीट पाहायचे असेल तर काही रात्री उद्यानाच्या आतच काढाव्यात आणि रँचचा आठवडा त्याला जोडून, पण वेगळा ठेवावा. इतकी सवड नसेल तर लॉज घ्यावा, आणि तोही शक्य तितका दाराजवळचा. ज्याला सगळे ‘बफेलो बिल’ म्हणत, त्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांच्या सूत्रधार विल्यम कोडीने १९०४ साली बांधलेला पहास्का टीपी हा लॉज दारापासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. सोय कुठे लागेल हे त्याला तेव्हाच कळले होते.

खोऱ्यातच राहायचे ठरवले तर बघण्यासारखे कमी नाही. कोडीतून निघाल्यावर थोड्याच वेळात बफेलो बिल धरण लागते. सुमारे ९९ मीटर उंचीचे हे धरण १९१० साली पूर्ण झाले, तेव्हा ते जगातील सर्वांत उंच धरण होते. पुढे अबसॉरका पर्वतरांगेतील ज्वालामुखीच्या खडकाचे झिजलेले सुळके दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि शोशोनी राष्ट्रीय अरण्य सुरू होते. १८९१ साली राखून ठेवलेले हे देशातील पहिले संघीय वनक्षेत्र आहे. घोडेस्वारीच्या बऱ्याच वाटा याच अरण्यात शिरतात.

घोड्याची चौकशी आरक्षणापूर्वीच करावी. बऱ्याच ठिकाणी वजनाची मर्यादा असते, लहान मुलांना लांबच्या फेरीवर नेत नाहीत, आणि पाहुण्याने एकट्याने घोडा काढण्याचा प्रश्नच नसतो. पुढे वाटाड्या आणि मागे एकामागून एक सगळे, अशीच फेरी निघते. पहिल्या दिवशी कोणाला कोणता घोडा द्यायचा हे तिथला रँगलर, म्हणजे घोडे सांभाळणारा माणूस, ठरवतो. तोच प्रत्येक स्वारासाठी रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची, लांबी जुळवतो, आणि निघाल्यावर थोड्या वेळाने सगळ्यांना थांबवून प्रत्येक घोड्याचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, पुन्हा आवळतो, कारण तंग बांधताना घोडा छाती फुगवून उभा राहतो आणि चालू लागला की पट्टा सैल पडतो. पायात टाच असलेले बूट हवेत. सपाट तळव्याच्या बुटातला पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू शकतो. आमच्या आईसारख्या ज्यांना घोड्यावर बसायचेच नाही, त्यांच्यासाठी दिवसभरात काय आहे आणि दर तोच लागतो का, हेही विचारून घ्यावे.

जेवणाच्या बाबतीत भिडस्तपणा नको. हा गोमांसाचा मुलूख आहे. शाकाहारी माणूस किती, अंडे चालते का, हे आरक्षण करतानाच लेखी कळवले तर स्वयंपाकघर तयारी ठेवते. ऐनवेळी सांगितले तर बटाटे आणि कोशिंबीर यांवर आठवडा काढावा लागेल.

दिवस निवडताना जुलै आणि ऑगस्ट निर्धोक, पण गर्दीचे. जूनच्या सुरुवातीला बर्फ वितळून नदी गढूळ आणि फुगलेली असते, त्यामुळे मासे धरायला येणाऱ्यांची निराशा होते. सप्टेंबरात एल्क हरणांचा माजाचा काळ असतो आणि माणसांची वर्दळ ओसरते, मात्र काही रँच त्या महिन्यात फक्त प्रौढांनाच घेतात. पूर्व प्रवेशद्वार मोटारींसाठी साधारण मे ते नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंतच उघडे असते. भर उन्हाळ्यातही रात्री गरम कपडे लागतात.

हे ग्रिझली अस्वलांचे खोरे आहे. नदीकाठच्या काही कॅम्पग्राउंडवर तंबू लावायला मनाईच आहे, तिथे फक्त पक्क्या भिंतींची वाहने चालतात. केबिनच्या ओसरीवर खाण्याचा पुडा ठेवू नये, आणि अस्वलापासून किमान ९१ मीटर अंतर राखण्याचा उद्यानाचा नियम खोऱ्यातही पाळावा. अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, म्हणून तो कोडीला पोचल्यावरच घ्यावा. रस्त्याच्या बऱ्याच भागात फोनला सिग्नल नसतो. त्यामुळे रँचचा पत्ता, पोचण्याची वेळ आणि नकाशा कोडी सोडण्यापूर्वी फोनमध्ये उतरवून ठेवावा. बक्षिसी एकूण बिलाच्या १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे आणि अनेक ठिकाणी ती शेवटच्या दिवशी एकत्रच घेतात, तेव्हा ती रक्कम अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावी.