निपाणी, बेळगाव, विजापूर: वाटेतला वजू आणि बसच्या वेळेतली नमाज

निपाणीहून बेळगाव, तिथे मुक्काम, मग अथणीवरून विजापूर. ऐन पावसाळ्यात बसनं केलेला हा प्रवास. सोबत बायको, बहीण आणि दाजी. दाजी रत्नागिरीकडचे, म्हणजे शाफई, आणि आम्ही देशावरचे हनफी. हे सुन्नी धर्मशास्त्राचे दोन पंथ, काही नियम वेगवेगळे. त्यामुळे वाटभर मसल्यांची (धार्मिक नियमांच्या प्रश्नांची) चर्चा चालली. ती भांडणापर्यंत गेली नाही, पण चहाचे बरेच कप मात्र झाले.

या वाटेवर मशीद शोधावी लागत नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात बसस्थानकावर विचारलं की कोणीतरी बोट दाखवतं. मराठी कळली नाही तर ‘मसीदि एल्लिदे?’ एवढं कन्नड पुरतं. अडचण असते ती बस किती थांबणार याची, वजू (नमाजेआधीचं विधिपूर्वक हात-तोंड-पाय धुणं) टिकला की तुटला याची, आणि मुसाफिराची कोणती सवलत आपल्याला खरोखर लागू होते याची. माझं निरीक्षण असं, की असलेल्या सवलती लोक घेत नाहीत आणि नसलेल्या बिनधास्त घेतात.

पहिला घोळ अंतराचा. आपल्याकडे हनफी मंडळी साधारण 48 मैल, म्हणजे 77 किलोमीटरच्या आसपासचा हिशेब धरतात. काही आलिम (धर्मपंडित) याहून जास्त अंतर सांगतात, म्हणून निघण्याआधी आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. निपाणी ते बेळगाव या हिशेबात काठावर बसतं, जेमतेम कमीच पडतं. नुसतं बेळगावला बाजाराला जाऊन परतणाऱ्यानं पूर्ण नमाज पढावी. आमचा इरादा मात्र निघतानाच विजापूरचा होता, त्यामुळे निपाणीची वस्ती मागे पडली तिथूनच कसर, म्हणजे प्रवासातली आखूड नमाज, सुरू. जोहर (दुपार), असर (दुपार उतरताना) आणि इशाचे (रात्र) चार फर्ज, म्हणजे बंधनकारक रकात (नमाजेची आवर्तनं), दोन होतात. फजर (पहाट) आणि मगरीब (सूर्यास्तानंतर) आहे तशीच. स्थानिक इमामामागे उभे राहिलात तर मात्र त्याच्यासोबत चारही रकात पढायच्या, मध्येच सलाम फिरवून बाहेर पडायचं नाही. हनफींच्या दृष्टीनं कसर वाजिब (आवश्यक) आहे, ‘मी आपली पूर्णच पढतो, जास्त सवाब (पुण्य)’ हा हिशेब चालत नाही. शाफईंकडे ती सवलत आहे, घ्या अथवा न घ्या.

दाजींना आणखी एक सोय होती: प्रवासात जोहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र पढता येतात. हनफींना ही मुभा हजमध्ये अरफात आणि मुजदलिफा या ठिकाणांपुरतीच. त्यामुळे दुपारी एकदा नमाज झाली की दाजी संध्याकाळपर्यंत मोकळे, आणि मी प्रत्येक स्थानकावर घड्याळ बघतोय. त्यात असरची वेळही वेगळी. सावली वस्तूच्या एकपट झाली की त्यांची असर सुरू होते, आमची दुपटीला. कोकणातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की इकडच्या बहुतेक मशिदींत असरची अजान तुमच्या सवयीपेक्षा बरीच उशिरा होते. जमात (सामूहिक नमाज) मिळेल म्हणून थांबलात तर बस जाईल.

आता वजू. बसमधला वजू टिकवणं हे एक काम आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे, राज्यातल्या रहिवासी स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट. (माझ्या बायकोचं आधार कार्ड निपाणीचं, तिला शून्याचं तिकीट, बहिणीचं रत्नागिरीचं, तिला पूर्ण. हा विषय अथणीपर्यंत पुरला.) बसला गर्दी असतेच. शाफईंकडे परक्या स्त्री-पुरुषांच्या उघड्या कातडीचा एकमेकांना स्पर्श झाला तर वजू तुटतो, मध्ये कापड असेल तर नाही. हनफींकडे नुसत्या स्पर्शानं तुटत नाही. दाजी पावसाळी दमटपणातही पूर्ण बाह्यांचा शर्ट बटणं लावून बसले होते त्याचं कारण हे. उलट खिडकीच्या पत्र्यानं माझं बोट कापलं, रक्त ओघळलं आणि माझा वजू गेला. दाजी म्हणाले, आमच्यात असता तर टिकला असता. तोंडभर उलटी झाली तरी तोच फरक, म्हणून गाडी लागणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यावी. झोपेचंही तसंच. दाजी सीटवर घट्ट बसून डुलकी काढत होते, त्यांचं चाललं. हनफी माणूस टेकून गाढ झोपला तर त्यानं उतरल्यावर नवा वजू करावा, त्यातच सावधगिरी आहे.

बेळगावला उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि पँटी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. अशा वेळी ‘कपडे नापाक झाले, आता लॉजवर जाऊन पढू’ म्हणत नमाज लांबवणारे खूप. रस्त्याचा चिखल माफ आहे. त्यात घाण उघड दिसत असेल तरच धुवावं लागतं, एरवी झटकून पुढे जायचं. पावसाळ्यात या भागात फिरणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

मध्यवर्ती बसस्थानकाच्या शेजारीच किल्ला. खंदक ओलांडून आत गेलं की जैनांची कमल बस्ती, रामकृष्ण मिशनचा आश्रम आणि सफा मशीद, सगळं चालत फिरण्याएवढ्या अंतरात. मशीद विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याच्या काळातली, सोळाव्या शतकातली. छत्री, चपला आणि ओल्या पिशव्या ठेवायला एकानं बाहेर थांबावं, बाकीच्यांनी आत जाऊन यावं, मग पाळी बदलावी.

वजूच्या नळांवर सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईनं. एका मशिदीत माझ्या शेजारी बसमधलाच एक तरुण बसला होता. नळ पूर्ण सोडलेला, चेहरा तीनदा, हात कोपराच्या वरपर्यंत, सगळं व्यवस्थित. पाय मात्र त्यानं नळाखाली नुसते पुढून धरले आणि उठला. टाचेच्या मागे चार बोटं कोरडी, वर धुळीचा पांढरट पट्टा तसाच. वडीलधाऱ्या एका चाचांनी काही न बोलता त्याच्या टाचेकडे बोट केलं, पोरगा लाजून परत बसला. बुखारी या संग्रहातली हदीस (पैगंबरांच्या वचन-वर्तनाची नोंद) याच प्रसंगाची आहे, आणि तीही प्रवासातलीच: असरला उशीर झालेला, सहाबा (पैगंबरांचे सोबती) घाईघाईत पायांवर ओला हात फिरवत होते, तेव्हा कोरड्या राहिलेल्या टाचांबद्दल पैगंबरांनी मोठ्या आवाजात आगीचा इशारा दिला. हनफींकडे वजूचे फर्ज चारच: पूर्ण चेहरा, कोपरांसह हात, डोक्याच्या चौथ्या भागाचा मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांसह पाय. वेळ अगदीच कमी असेल तर हे चार नीट करा, बाकी आवरतं घ्या. शाफईंकडे निय्यत (मनातला संकल्प) आणि क्रम हेही फर्ज आहेत. नखांना पॉलिश, बोटांना ऑइलपेंट किंवा फेव्हिकॉल असेल तर आधी काढा, त्याखाली पाणी जात नाही. मेंदीच्या रंगाची अडचण नाही. बेळगावी कुंदा खाऊन चिकट झालेली बोटंही आधी चोळून धुवा.

पाणी किती लागतं? पैगंबर एका मुद्दमध्ये वजू आणि एका साअमध्ये गुस्ल (पूर्ण अंघोळ) करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लीटर किंवा त्याहून थोडं कमी, साअ त्याच्या चौपट. म्हणजे पाण्याची एक लीटरची बाटली वजूला पुरून उरते. आम्ही एक जादा बूच घेऊन त्याला खिळ्यानं भोक पाडलं होतं. बाटली दाबली की बारीक धार येते. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं धुवायचं. पाय शेवटी, स्थानकाच्या कडेला गटाराजवळ, म्हणजे फरशीवर चिखल होत नाही आणि कोणी ओरडत नाही. बेसिनमध्ये पाय वर टाकून धुणं टाळा. पुढच्या माणसाला तिथे तोंड धुवायचं असतं.

पावसाळ्यात चामड्याचे मौजे ही उत्तम गोष्ट आहे आणि फार कमी लोक वापरतात. पूर्ण वजू करून घातले की पुढच्या वजूला पाय धुवायचे नाहीत, ओल्या बोटांनी वरच्या बाजूवर मसह करायचा. मुकीमाला (प्रवासात नसलेल्याला) एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री, आणि वेळ मोजायची ती घातल्यानंतर वजू पहिल्यांदा तुटतो तेव्हापासून. साधे सुती किंवा नायलॉनचे सॉक्स यात बसत नाहीत, कितीही महाग असले तरी.

कृष्णा ओलांडून अथणीच्या पुढे गेलं की पाऊस मागे राहतो. काळी रानं, कोरडा वारा. इथे लोकांना तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीनं केलेला वजू, आठवतो. बसमधल्या एकानं सीटच्या पाठीवर हात आपटून तोंडावरून फिरवलेलाही पाहिला. तयम्मुमचा हुकूम प्रवासातच आला हे खरं. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचा हार हरवला, काफिला थांबला, पाणी नव्हतं, तेव्हाची ती कुराणातली आयत. पण पाणी एक मैलाच्या आत मिळण्यासारखं असेल तर निरोग्या माणसाला तयम्मुम नाही, आणि या रस्त्यावर दर थांब्याला नळ नाहीतर बाटलीबंद पाणी आहे. आजारामुळे खरंच करावा लागला तर आधी निय्यत, मग पाक मातीवर किंवा दगडावर दोनदा हात मारायचे, एकदा चेहऱ्यासाठी, एकदा कोपरापर्यंत हातांसाठी. दगडावर धूळ नसली तरी हनफींचं भागतं, शाफईंना धूळ असलेली मातीच लागते. धूळ नसलेली रेक्झिनची सीट कोणालाच चालत नाही.

किब्ला (नमाजेची, मक्केकडची दिशा) बेळगाव-विजापूर पट्ट्यात पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 15 अंश. मोबाइलचा कंपास बसमध्ये आणि लॉजच्या लोखंडी पलंगाजवळ भरकटतो, गच्चीत जाऊन बघा. जून-जुलैत सूर्य किब्ल्याच्या जरा उजवीकडे मावळतो, ऑगस्टच्या मध्याला जवळजवळ किब्ल्यावरच, डिसेंबरात बराच डावीकडे. थोडं इकडेतिकडे झालं म्हणून नमाज बिघडत नाही, 45 अंशांपर्यंत वाव आहे.

विजापूरची जुम्मा मशीद पाहायला अख्खी सकाळ ठेवा. 1565 च्या तालिकोट लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहानं तिचं काम काढलं. आतल्या फरशीवर 2250 मुसल्ल्यांचे चौकोन आखलेले आहेत. प्रत्येकाला आपली जागा, खांद्याला खांदा लागेल एवढीच. सफ (रांग) सरळ करा म्हणून कोणाला ओरडावं लागू नये अशी ही सोय. समोर सहनात (अंगणात) मोठा हौद. जुने हौद एवढे मोठे का, याचं उत्तर फिक्हमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रात) आहे: हनफी हिशेबात दहा हात बाय दहा हात, म्हणजे सुमारे 225 चौरस फुटांचा हौद वाहत्या पाण्यासारखा धरतात. रंग, वास किंवा चव बदलत नाही तोवर त्यातलं पाणी पाकच. शाफईंचं माप वेगळं, दोन कुल्ले, म्हणजे दोनशे लीटरच्या आसपास. दाजी हौदाकडे बघून म्हणाले, हा आमच्या मापानं समुद्रच. तरीही कुठल्याही हौदात थेट पाय बुडवू नका. ओंजळीनं किंवा लोट्यानं पाणी घेऊन कडेच्या नालीत धुवा. इब्राहिम रोजालाही मशीद आणि मकबरा समोरासमोर, मध्ये हौद. पाण्याची ओढ असलेल्या या शहरात आदिलशहांनी तोरवीहून भुयारी पाट आणले, बावड्या खोदल्या. वेळ असेल तर ताज बावडी बघून या.

बायकांच्या सोयीबद्दल स्पष्ट लिहितो: स्वतंत्र वजूखाना आणि जागा प्रत्येक मशिदीत असेल असं गृहीत धरू नका. आमच्या दोघींनी बहुतेक नमाजा लॉजवरच पढल्या. लॉज स्थानकाजवळचं घेतलं, तेवढ्यासाठी शंभर-दोनशे जादा गेले तरी परवडलं. पातळ जानमाज (नमाजेची चटई), मोठी ओढणी आणि ती भोकाच्या बुचाची बाटली त्यांच्याच पिशवीत ठेवा, पुरुषांच्या बॅगेत नको, कारण बॅग नेमकी बसच्या टपावर असते.

परतीला संध्याकाळची अथणी बस धरणार असाल तर तिकीट काढण्याआधी सूर्यास्ताची वेळ बघा. मगरीबला कसर नाही आणि वेळही थोडाच, तास-सव्वा तासाचा. बस सुटायची वेळ आणि अजानची वेळ जवळ असेल तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. आमच्या कंडक्टरनं ‘हत्तु निमिष’ म्हणून दहा बोटं दाखवली. तीन फर्ज आणि दोन सुन्नत (पैगंबरांच्या रीतीच्या रकात) तेवढ्यात होतात, वजू आधीचा असेल तर.