आमच्या गावाची वही

गावातल्या झाडं-जनावरांची नोंद आणि राखण करायला पंचायत जी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमते, तिच्यात माझं नाव घातलं ते बायकांची संख्या भरायची म्हणून. अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला, असा तेव्हा नियम होता. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांना आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात) दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि पुढे बैठक काही झाली नाही.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मागे एका दाखल्यासाठी पंचायतीत गेले होते, तेव्हा कपाटात लोक जैवविविधता नोंदवही दिसली, म्हणजे गावच्या रानात-शेतात काय काय आहे ते समितीनं लिहून ठेवायची वही. चांगली बाइंडिंग केलेली. उघडली तर त्यात खाडीकाठची तिवराची झाडं आणि खाजणातले खेकडे! अख्खा घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय आम्हाला खाजण दिसत नाही. करवंदाचा पत्ता नाही, हिरड्याला जेमतेम एक ओळ. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं समित्या आणि नोंदवह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, त्यानंतर राज्याला महिन्याला १० लाखांचा भुर्दंड. त्या घाईत कुणा बाहेरच्या संस्थेनं दुसरीकडची वही आमच्या नावानं उतरवली होती. शेवटच्या पानावर माझी सही होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वहीवर एवढं काय अडतं, असं घरात विचारलं गेलं. अडतं ते पैशावर. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं रानातल्या मालावर धंदा करणाऱ्याला लाभातला वाटा द्यायला लावला. २०१४ च्या नियमांत कंपनीच्या विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के असा दर होता. देशी कंपन्यांनाही तो द्यावा लागेल, असं उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. पण पैसा द्यायचा कुणाला? माल कुठल्या गावच्या रानातला हे कागदावर नसेल, तर तो वरच्या वर राहतो. सरकारनं कायदा करून देणेकरी उभा केला, हे मोठंच काम. घेणेकरी उभा करायचं काम मात्र कंत्राटानं उरकलं, आणि माझा राग त्यावर आहे.

ग्रामसभेत मी वही नव्यानं लिहायचा ठराव मागितला. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, एकदा झालेलं काम परत कशाला उकरताय?" मी तिवराचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. ठराव झाला.

मग आठ महिने गेले. भरायच्या छापील नमुन्यामागून नमुने: पिकं, चारा, तण, मासे, औषधी झाडं, जनावरांचे बाजार. शाळेतली पोरं, दोन गुराखी आणि मी, रविवारी रान धरायचो. कराडच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे एक सर शास्त्रीय नावं तपासून द्यायचे.

खरी माहिती निघाली ती म्हाताऱ्या बायकांकडून. वरच्या आळीतल्या आजी हिरडा वाळत घालत होत्या. एक उचलून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला. काळा, सुरकुतलेला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. "ह्यो बाळहिरडा. आत आठळी धरायच्या आधी काढायचा. मोठा झाला की त्याला मोल न्हाय." मग वही बघून दचकल्या. "व्हय गं, आता माझ्या हिरड्यावरबी पट्टी बसवनार का?" मी सांगितलं, आजी, गावच्या माणसाला आणि वैदूला यात मोकळीक आहे. फी लागेल ती बाहेरून धंद्यासाठी येणाऱ्याला. तरी त्यांनी नातवाकडून परत एकदा विचारून घेतलंच.

अडचण आली नरक्याच्या झाडापाशी. त्याच्या लाकडातून कॅम्पटोथेसिन निघतं, त्यापासून कॅन्सरची औषधं करतात, आणि म्हणून सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झाली. गुराख्यांना झाडं कुठे आहेत ते नेमकं ठाऊक. नमुन्यात तर ठिकाणाचा रकाना आहे. समितीत दोन तास वाद झाला. शेवटी झाडाचं नाव लिहिलं, जागा लिहिली नाही. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

जैवविविधता कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं आयुषचे वैद्य, ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना सूट दिली. मला ती पटत नाही, कारण आमच्यासारख्या गावांच्या पदरात आधीच थोडं पडतं. पण लागवडीची सूट हवी तर माल कुठला याचा दाखला समितीकडूनच घ्यावा लागतो. म्हणून हिरड्यापुढे आम्ही 'रानातला' असं ठळक लिहिलं, कुठल्या ओढ्याच्या काठाला किती झाडं तेही.

या सगळ्यात पाणी कुठेच बसलं नाही. कोयनेवर १,९६० मेगावॅटचे वीजसंच आहेत, आणि ते पाणी धरून ठेवतात आमचे डोंगर. हे रान राखल्याबद्दल धरणाच्या वरच्या गावांना काही द्यावं, असा रकाना मला कुठल्याच नमुन्यात सापडला नाही. मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर झऱ्यांची यादी लिहून ठेवली आहे.

वही ग्रामसभेत वाचली, मंजूर झाली, नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाकडे गेली. कायद्याच्या कलम ४१ नुसार धंद्यासाठी रानातला माल नेणाऱ्याला संकलन शुल्क लावायचा अधिकार समितीला आहे, तो वापरायचं ठरवलं.

यंदा हिरड्याचा व्यापारी टेम्पो घेऊन आला तेव्हा पावतीपुस्तक घेऊन मी उभी होते. त्यानं ठराव वाचला, दोन फोन केले आणि म्हणाला, "बाई, पलीकडच्या गावात हे काही नाही, मी तिकडनं उचलतो." टेम्पो रिकामा गेला. आजींचा माल महिनाभर पोत्यात राहिला, आणि त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मग तो परत आला. पलीकडे माल पुरला नसावा. पहिली पावती त्याच्या नावाची आहे.

पलीकडच्या गावातल्या दोघीजणी परवा वही बघायला आल्या होत्या. त्यांच्याही कपाटात बाइंडिंग केलेली एक आहे म्हणाल्या. गुरुवारी त्यांच्याकडे ग्रामसभा आहे. गुराखी आणि मी जाणार आहोत.